नाम की क्रियापद? इंग्रजी लिहिताना परत परत होणारा घोळ आणि त्यावरचे उपाय

'वुई डिस्कस्ड अबाउट द प्लॅन.' 'प्लीज ॲडव्हाइस मी.' 'ही गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस.' 'आय सक्सेस्ड इन द एक्झाम.' 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.'

पाचही वाक्यं चुकीची आहेत आणि पाचही चुका वरवर वेगळ्या दिसतात. पहिल्यात एक प्रिपोझिशन जास्तीचं आहे, दुसऱ्यात स्पेलिंग चुकलंय, तिसऱ्यात आर्टिकल नको तिथे आलंय, चौथ्यातलं क्रियापद इंग्रजीत अस्तित्वातच नाही आणि पाचव्यात 'आयएनजी' राहून गेलंय. म्हणून त्या एकेक करून दुरुस्त केल्या जातात, आणि म्हणूनच महिन्याभरात परत उगवतात. खरं तर बिघाड एकच आहे. हातात आलेला इंग्रजी शब्द आपण नाम म्हणून वापरतोय की क्रियापद म्हणून, हे लिहिताना ठरलेलंच नसतं.

इंग्रजीचे काळ जमतात, वाक्यं बऱ्यापैकी उभी राहतात, तरी मेल पाठवल्यावर कुणीतरी हेच चार-पाच शब्द दुरुस्त करून देतं, अशांसाठी हे लिहितोय. सगळं एकदम वाचायची गरज नाही. आपली चूक ज्या भागात सापडेल तो भाग घ्या. पण आधी कारण बघून घ्या, नाहीतर उपाय टिकत नाहीत.

बिघाड येतो कुठून

मराठी बोलताना आपण दिवसभर इंग्रजी शब्द वापरतो, पण इंग्रजी क्रियापद मराठीत क्रियापद म्हणून जवळजवळ कधीच येत नाही. 'डिस्कसतो' असं कुणी म्हणत नाही, 'डिस्कस करतो' म्हणतात. काळ, लिंग, वचन, पुरुष हा सगळा भार 'करणे' किंवा 'होणे' उचलतं आणि इंग्रजी शब्द नुसता शेजारी उभा राहतो. ('गुगलून बघ' असले अपवाद आहेत, पण ते हौसेचे आणि थोडे.) त्यामुळे 'डिस्कस केलं' म्हटलं काय आणि 'डिस्कशन केलं' म्हटलं काय, मराठीत काहीच बिघडत नाही. 'अप्रूव्ह झालं', 'अप्रूव्हल झालं', 'सिलेक्ट झाला', 'सिलेक्शन झालं', सगळंच चालतं. 'ऑपरेशन सक्सेस झालं' या वाक्यात 'सक्सेस' हे नाम आहे, तरी मराठी कानाला ते खटकत नाही.

यात मराठीचं काही चुकत नाही. बाहेरून आलेले शब्द तिने नेहमी असेच घेतले आहेत. 'विचार करणे'मधला शब्द संस्कृत, 'मंजूर करणे' आणि 'रद्द करणे'मधले फारसीतून आलेले, पद्धत तीच. फक्त या सोयीची किंमत इंग्रजी लिहिताना मोजावी लागते, कारण ज्या शब्दाला आपण वर्षानुवर्षं 'करणे' लावून वापरलं त्याची जात आपण कधी लक्षातच ठेवलेली नसते. तशी गरजच पडली नाही.

आता इंग्रजीची बाजू. तिथेही शब्दावर जात लिहिलेली नसते, निदान आता तरी. जुन्या इंग्रजीत ती असे. 'प्रेम' या नामाला 'लुफु' आणि 'प्रेम करणे'ला 'लुफिअन' म्हणत. शेवटच्या प्रत्ययावरून शब्द कुठला ते कळायचं. पुढच्या काही शतकांत हे प्रत्यय झिजत गेले आणि दोन्हीकडे एकच 'लव्ह' उरला. 'हेल्प', 'वर्क', 'आन्सर', 'वॉक', 'प्लॅन', 'कॉल' यांची आजची अवस्था तीच. म्हणजे मराठी शब्दाची जात विचारत नाही आणि इंग्रजी ती शब्दावर दाखवत नाही. इंग्रजी ती दाखवते वाक्यातल्या जागेवरून. घोळ नेमका इथे होतो, म्हणून पहिली तपासणीही इथेच.

पहिली तपासणी: शब्द नाही, जागा बघा

शंका आली की त्या शब्दाच्या आधी काय आहे ते बघा. 'अ', 'द', 'धिस', 'माय', 'एनी', 'ऑफ' किंवा एखादं विशेषण असेल तर ती जागा नामाची. 'कॅन', 'विल', 'मस्ट', 'डिड नॉट', 'लेट्स' असेल तर क्रियापदाची. 'वुई विल डिस्कशन' लिहिताना हात अडखळला पाहिजे, कारण 'विल'नंतर नाम बसत नाही. 'आफ्टर अ लाँग डिस्कस'मध्येही तसंच, 'लाँग'नंतर क्रियापद बसत नाही.

इतकं सोपं असतं तर पोस्ट इथेच संपली असती. अडचण येते 'टू'ची. इंग्रजीत 'टू' दोन आहेत. एक क्रियापदाच्या आधी येणारा: 'आय वाँट टू मीट यू'. दुसरा साधं प्रिपोझिशन: 'आय वेंट टू द मीटिंग'. दिसायला एकच, म्हणून 'लुकिंग फॉरवर्ड टू'च्या पुढे आपण बिनदिक्कत 'मीट' लिहून टाकतो. ओळखायची युक्ती अशी की 'टू'च्या पुढे 'इट' ठेवून वाक्य तिथेच थांबवा. 'आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टू इट' हे वाक्य पूर्ण आहे, म्हणजे ही जागा नामाची. इथे क्रियापद न्यायचंच असेल तर त्याला 'आयएनजी' लावून नामासारखं करावं लागतं: 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. 'आय वाँट टू इट' मात्र वाक्य होत नाही, तिथे 'टू'नंतर क्रियापदच हवं.

हीच कसोटी 'ऑब्जेक्ट टू', 'कमिटेड टू', 'लीड टू', 'विथ अ व्ह्यू टू' यांना लावून बघा. सगळीकडे 'इट' बसतं, म्हणून सगळीकडे 'आयएनजी'. 'यूज्ड टू'ने मात्र अनेकांना छळलंय, कारण तो दोन्हीकडे आहे. 'आय यूज्ड टू वर्क ॲट नाइट' म्हणजे पूर्वी रात्री काम करायचो, आता नाही. 'आय ॲम यूज्ड टू वर्किंग ॲट नाइट' म्हणजे रात्री काम करायची सवय आहे. अर्थ जवळजवळ उलट.

जास्तीचं 'अबाउट', 'ऑन', 'फॉर', 'ऑफ'

सगळ्यात जास्त वेळा होणारी, आणि चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही हातून सुटणारी चूक ही. हिच्यावर थोडा वेळ घालवणं फायद्याचं आहे.

इंग्रजीत क्रियापद आपलं कर्म थेट घेऊ शकतं, नाम घेऊ शकत नाही. नामाला आपल्या कर्मापर्यंत पोचायला मध्ये प्रिपोझिशन लागतं. 'वुई डिस्कस्ड द बजेट', पण 'अ डिस्कशन अबाउट द बजेट'. 'शी एम्फसाइझ्ड सेफ्टी', पण 'एम्फसिस ऑन सेफ्टी'. 'दे डिमांडेड अ रीफंड', पण 'अ डिमांड फॉर अ रीफंड'. आपण करतो काय, तर नामाचं प्रिपोझिशन उचलून क्रियापदाला चिकटवतो. 'डिस्कस्ड अबाउट', 'एम्फसाइझ्ड ऑन', 'रिक्वेस्टेड फॉर', 'डिमांडेड फॉर', 'लॅक ऑफ' क्रियापद म्हणून ('दे लॅक ऑफ एक्सपीरियन्स'), 'व्हिजिटेड टू', 'ऑर्डर्ड फॉर'. सगळ्यांमागे हीच एक गळती आहे.

मराठीने त्यात हातभार लावलेला असतो. 'बजेटविषयी चर्चा केली', 'सुरक्षिततेवर भर दिला', 'रजेसाठी विनंती केली': आपल्याकडे 'चर्चा', 'भर', 'विनंती' ही नामंच आहेत आणि 'विषयी', 'वर', 'साठी' त्यांचे हक्काचे सोबती. मनात मराठी वाक्य तयार होतं, त्यातलं नाम इंग्रजीत क्रियापद होतं, पण सोबती मागेच चालत येतो.

उपाय म्हणून लोक क्रियापदांची यादी पाठ करतात. माझं मत विचाराल तर ते कुचकामी आहे. यादी परीक्षेपुरती राहते आणि मेल लिहिताना आठवत नाही. त्यापेक्षा नाम आणि क्रियापद जोडीने, पूर्ण छोट्या वाक्यांत, एकाखाली एक लिहून ठेवा. 'आय रिक्वेस्टेड अ मीटिंग' आणि खाली 'माय रिक्वेस्ट फॉर अ मीटिंग'. 'दे लॅक टाइम' आणि खाली 'द लॅक ऑफ टाइम'. 'शी व्हिजिटेड द साइट' आणि खाली 'हर व्हिजिट टू द साइट'. 'आय कॉन्टॅक्टेड देम' आणि 'आय ॲम इन कॉन्टॅक्ट विथ देम'. 'इट अफेक्ट्स सेल्स' आणि 'इट हॅज ॲन इफेक्ट ऑन सेल्स'. दहा-बारा जोड्या डोळ्यांखालून गेल्या की फरक आपोआप दिसायला लागतो.

आता सावधगिरी. 'क्रियापदानंतर प्रिपोझिशन कधीच नाही' असा नियम काढू नका, तो लगेच मोडेल. 'कमेंट ऑन', 'फोकस ऑन', 'इन्सिस्ट ऑन', 'अपॉलजाइझ फॉर', 'कम्प्लेन अबाउट' या क्रियापदांना प्रिपोझिशन लागतंच. सगळ्यात चिडचिड होते ती या जोडीची: 'आन्सर द मेल', पण 'रिप्लाय टू द मेल'. अर्थ एक, वागणं वेगळं. 'आन्सर' नाम झालं की मात्र तेही 'टू' मागतं: 'द आन्सर टू युअर क्वेश्चन'. म्हणजे नियम एकाच दिशेने पक्का आहे. नामाला कर्म थेट देता येत नाही, हे नक्की. क्रियापदाला देता येतं की नाही, हे त्या त्या क्रियापदावर.

'एंटर'चंही असंच. 'शी एंटर्ड द रूम' यात काहीच नको, पण करार करायचा असेल तर 'एंटर इंटू ॲन अग्रीमेंट'. आणि लग्नाचं: 'मॅरी'ला 'विथ' लागत नाही. 'शी मॅरीड हिम', नाहीतर 'शी इज मॅरीड टू हिम'.

'सी' की 'एस': ॲडव्हाइसचा गोंधळ

नाम 'ॲडव्हाइस', स्पेलिंगमध्ये शेवटून दुसरं अक्षर 'सी', उच्चार 'स'. क्रियापद 'ॲडव्हाइझ', अक्षर 'एस', उच्चार 'झाड'मधल्या झ-सारखा. 'डिव्हाइस' आणि 'डिव्हाइझ' यांचंही तेच. कान तयार झाला की स्पेलिंग आपोआप सुधारतं. उलट मात्र होत नाही. म्हणून ही चूक स्पेलिंगची समजून घोकत बसू नका, मोठ्याने वाचा.

या स-झ बदलामागे कारण आहे आणि ते कळलं की पुष्कळ सुट्या जोड्या एका धाग्यात येतात. जुन्या इंग्रजीत 'फ', 'स', 'थ' हे ध्वनी दोन स्वरांच्या मध्ये सापडले की सघोष व्हायचे, म्हणजे 'व्ह', 'झ', 'द'कडे झुकायचे. क्रियापदाला शेवटी प्रत्यय असल्याने त्यातला ध्वनी दोन स्वरांच्या कचाट्यात सापडायचा, नामातला शेवटचा ध्वनी मोकळा राहायचा. पुढे प्रत्यय गेले, पण आवाजातला फरक उरला. 'हाउस' नाम, 'हाउझ' क्रियापद. 'बिलीफ' आणि 'बिलीव्ह'. 'ग्रीफ' आणि 'ग्रीव्ह'. 'प्रूफ' आणि 'प्रूव्ह'. 'हाफ' आणि 'हाव्ह'. 'बाथ' आणि 'बेद'. 'ब्रेथ' आणि 'ब्रीद', आणि या शेवटच्या दोन जोड्यांमध्ये क्रियापदाच्या स्पेलिंगला शेवटी एक जास्तीचं 'ई'. यातल्या काही जोड्या फ्रेंचमधून आल्या आहेत, त्यांचा इतिहास वेगळा, पण वळण तेच पडलं: नाम अघोष, क्रियापद सघोष.

आपल्याकडे 'यूज' दोन्हींसाठी एकच उच्चारतात. नाम आहे 'यूस': 'इट्स नो यूस'. क्रियापद 'यूझ'. स्पेलिंग एकच, त्यामुळे लिहिताना अडत नाही. 'एक्स्क्यूस' आणि 'एक्स्क्यूझ' तसेच.

'प्रॅक्टिस' मात्र फसवं आहे. ब्रिटिश पद्धतीत नामाला 'सी', क्रियापदाला 'एस', पण उच्चार दोन्हींचा एकच, म्हणून कान मदतीला येत नाही. 'लायसन्स'चंही तसंच. अमेरिकन पद्धतीत 'प्रॅक्टिस' दोन्हीकडे 'सी'ने आणि 'लायसन्स' दोन्हीकडे 'एस'ने. ब्रिटिश लिहायचं असेल तर त्या जागी मनात 'ॲडव्हाइस-ॲडव्हाइझ' ठेवून बघा. जिथे 'ॲडव्हाइस' बसेल तिथे 'सी'. आणि एकदा एक पद्धत घेतली की कागदभर तीच ठेवा, मिसळ करू नका.

जाता जाता, 'लूज'ची जोडी: 'लूझ' हे हरवण्याचं क्रियापद एकाच 'ओ'चं, दोन 'ओ'चं 'लूस' हे सैल या अर्थाचं विशेषण. नाम 'लॉस'. 'डोन्ट लूस द फाइल' अशी वाक्यं फार दिसतात.

बोलताना अडतंय: रेकॉर्ड की रिकॉर्ड

लिहिण्यात याने काही बिघडत नाही, त्यामुळे फक्त मेल-अहवालांपुरतं बघत असाल तर हा भाग सोडून द्या.

दोन अवयवांच्या, म्हणजे दोन सिलेबलच्या, बऱ्याच शब्दांत नामाचा आघात (उच्चारातला जोर) पहिल्या अवयवावर आणि क्रियापदाचा दुसऱ्यावर पडतो: 'रेकॉर्ड', 'प्रेझेंट', 'ऑब्जेक्ट', 'परमिट', 'एक्स्पोर्ट', 'इन्सल्ट', 'कॉन्ट्रास्ट', 'रेबेल'. ही पद्धत वाढत गेलेली आहे. 1570 च्या सुमाराला अशा जोड्या जेमतेम तीन सापडतात ('रेकॉर्ड', 'रेबेल' आणि 'आउटलॉ'), 1800 पर्यंत सत्तरच्या आसपास होतात आणि 1934 पर्यंत दीडशेच्या घरात जातात.

मराठीत आघाताने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून 'आघात दुसऱ्या अवयवावर द्या' हा सल्ला ऐकून आपण तो अवयव नुसता मोठ्याने म्हणतो. त्याने काम होत नाही. मराठी कानाला आघातापेक्षा स्वर पटकन कळतो, आणि इंग्रजीत आघात गेला की स्वर पुसट होतो. त्यालाच धरा. नाम 'रेकॉर्ड', क्रियापद 'रिकॉर्ड'. नाम 'प्रॉजेक्ट', क्रियापद 'प्रजेक्ट'. नाम 'ऑब्जेक्ट', क्रियापद 'अब्जेक्ट'. नाम 'प्रेझंट', क्रियापद 'प्रिझेंट'. पहिला स्वर बारीक करा, आघात आपोआप सरकतो.

'एट'ने संपणाऱ्या शब्दांत खेळ शेवटी होतो. 'एस्टिमेट' क्रियापद असेल तर शेवट स्पष्ट 'मेट', नाम असेल तर 'मट'कडे झुकणारा. 'ग्रॅज्युएट', 'डेलिगेट', 'डुप्लिकेट', 'ॲडव्होकेट' सगळे याच पठडीतले. आणि सगळेच शब्द असे वागत नाहीत, हेही लक्षात ठेवा. 'रिपोर्ट', 'सपोर्ट', 'कंट्रोल', 'डिले', 'रिस्पेक्ट' यांचा आघात दोन्हीकडे दुसऱ्याच अवयवावर, आणि 'कमेंट', 'प्रॉमिस', 'व्हिजिट' यांचा दोन्हीकडे पहिल्यावर.

'सक्सेस्ड', 'अपडेशन' आणि प्रत्ययांचं जंगल

क्रियापदापासून नाम करायला इंग्रजीत डझनभर प्रत्यय आहेत आणि कुठल्या क्रियापदाला कुठला, याचा भरवशाचा नियम नाही. 'अराइव्ह'चं 'अरायव्हल', 'डिपार्ट'चं 'डिपार्चर', 'मूव्ह'चं 'मूव्हमेंट', 'ग्रो'चं 'ग्रोथ', 'रिकव्हर'चं 'रिकव्हरी', 'कम्प्लेन'चं 'कम्प्लेंट', 'बिहेव्ह'चं 'बिहेव्हियर'. 'शन' लावला की नाम होतं, या समजुतीतून 'अपडेशन' जन्माला आलं. त्याचं नाम नुसतं 'अपडेट' आहे, क्रियापदही 'अपडेट'. 'अपग्रेडेशन'ऐवजीही 'अपग्रेड' पुरतो.

उलट दिशेची चूक म्हणजे नामालाच 'एड' लावणं. 'सक्सेस' नाम, क्रियापद 'सक्सीड', म्हणून 'आय सक्सीडेड'. 'ॲनालिसिस' नाम, क्रियापद 'ॲनलाइझ'. 'एम्फसिस' नाम, 'एम्फसाइझ' क्रियापद. 'रिस्पॉन्स' नाम, 'रिस्पॉन्ड' क्रियापद; 'वुई आर वेटिंग फॉर युअर रिस्पॉन्ड' असं लिहिलेलं अधूनमधून दिसतं.

काही क्रियापदांची नामं दोन-दोन आणि अर्थ निराळे. 'ऑब्झर्व्ह'पासून 'ऑब्झर्व्हेशन' म्हणजे निरीक्षण आणि 'ऑब्झर्व्हन्स' म्हणजे नियम किंवा सण पाळणं. 'अप्लाय'पासून 'ॲप्लिकेशन' म्हणजे अर्ज आणि 'अप्लायन्स' म्हणजे उपकरण. आणि स्पेलिंगमधली एक खोड: 'प्रोनाउन्स'मध्ये 'ओ'नंतर 'यू' आहे, 'प्रोनन्सिएशन'मध्ये तो 'ओ' गायब होतो. हा शब्द इतरांना शिकवणारेही चुकवतात.

इथे शब्दकोशाला पर्याय नाही. फक्त तो उघडल्यावर अर्थ बघून बंद करू नका, त्याच पानावर त्या शब्दाचा दुसरा अवतार कुठला तेही बघा.

'ॲन ॲडव्हाइस', 'इन्फर्मेशन्स'

क्रियापदाला मोजता येत नाही, पण त्याचं नाम झालं की इंग्रजी लगेच विचारते: मोजायचं की नाही? 'ॲडव्हाइस', 'रिसर्च', 'प्रोग्रेस', 'फीडबॅक', 'ट्रॅव्हल', 'हेल्प', 'होमवर्क' ही मोजता न येणारी नामं. त्यांना 'अ' किंवा 'ॲन' नाही आणि अनेकवचनी 'एस'ही नाही. मराठीत 'एक सल्ला', 'चार सल्ले' म्हणतो म्हणून 'ॲन ॲडव्हाइस' सुचतं. पण 'माहिती'चं अनेकवचन तर आपणही करत नाही, तरी 'इन्फर्मेशन्स' लिहितो. तिथे दोष मराठीवर ढकलता येणार नाही. 'एस' लावल्याने अर्थ बदलतो असेही शब्द आहेत: 'डॅमेज' म्हणजे नुकसान, 'डॅमेजेस' म्हणजे कोर्टाने द्यायला लावलेली भरपाई.

'अ पीस ऑफ ॲडव्हाइस' हा पाठ्यपुस्तकी उपाय बरोबर आहे, पण दर वेळी तो लिहिला की वाक्य अवघडून जातं. त्यापेक्षा नाम सोडून क्रियापदाकडे वळा. 'शी गेव्ह मी ॲन ॲडव्हाइस टू वेट'ऐवजी 'शी ॲडव्हाइझ्ड मी टू वेट'. आर्टिकलचा प्रश्नच मिटला. 'वुई हॅव डन लॉट ऑफ प्रोग्रेसेस'ऐवजी 'वुई हॅव प्रोग्रेस्ड अ लॉट' लिहिता येतं, आणि नामच हवं तर 'मेड अ लॉट ऑफ प्रोग्रेस'.

इथेच 'मेक' आणि 'डू'चा प्रश्न येतो. मराठीत दोन्हींना 'करणे', त्यामुळे 'डू अ मिस्टेक', 'मेक होमवर्क' होतं. नियम शोधण्यात वेळ घालवू नका. 'मेक अ मिस्टेक', 'मेक अ डिसिजन', 'मेक ॲन एफर्ट', 'डू रिसर्च', 'डू द वर्क', 'टेक अ ब्रेक', 'गिव्ह अ स्पीच', 'हॅव अ लुक' हे जसे आहेत तसेच उचला. दफ्तरी मेलमध्ये मात्र 'वुई डिड अ डिस्कशन अँड मेड अ डिसिजन रिगार्डिंग' असं लांबण लावण्यापेक्षा 'वुई डिस्कस्ड इट अँड डिसायडेड' बरं. नामं कमी झाली की चुकायच्या जागाही कमी होतात. 'हॅव अ लुक' आणि 'लुक' मात्र अगदी एक नव्हेत. पहिल्यात 'जरा एकदा बघ' अशी मर्यादा आहे, म्हणून विनंती करताना ते सौम्य वाटतं.

कुठलंही नाम क्रियापद करता येतं का?

हा प्रश्न हमखास येतो, कारण इंग्रजी माणसं ते सर्रास करताना दिसतात. 'टेक्स्ट' क्रियापद झालं, 'गुगल' 2006 साली ऑक्सफर्ड आणि मेरियम-वेबस्टर या दोन्ही शब्दकोशांत क्रियापद म्हणून दाखल झालं. तक्रारीही जुन्याच आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने 1789 मध्ये अमेरिकन शब्दकोशकार नोआ वेबस्टरला लिहिलेल्या पत्रात 'नोटिस', 'ॲडव्होकेट', 'प्रोग्रेस' ही नामं क्रियापद म्हणून वापरली जातात याबद्दल नापसंती व्यक्त केली होती. तिन्ही क्रियापदं आज कुणाला खटकत नाहीत.

तरीही इंग्रजी परकी म्हणून शिकणाऱ्याने हा प्रयोग जपून करावा. एकतर त्या कामासाठी क्रियापद आधीच असेल तर नवं स्वीकारलं जात नाही. 'ड्राइव्ह' असताना 'कार' हे क्रियापद होत नाही. दुसरं, अर्थ नामावरून ओळखता येत नाही. 'डस्ट' म्हणजे धूळ, पण क्रियापद झाल्यावर त्याचा अर्थ धूळ झटकणं असाही होतो आणि भुकटी शिंपडणं असाही. 'टेबल' हे क्रियापद बैठकीत वापराल तर ब्रिटिश माणूस 'प्रस्ताव चर्चेला घ्या' समजेल आणि अमेरिकन माणूस 'बाजूला ठेवा' समजेल.

एक गोष्ट मात्र सोपी आहे. नामापासून झालेल्या क्रियापदाचा भूतकाळ सहसा साधा 'एड'चा होतो. फोन वाजला तर 'रँग', पण 'रिंग' म्हणजे कडं या नामापासून आलेलं वेढण्याचं क्रियापद 'रिंग्ड'. 'टेक्स्ट'चंही 'टेक्स्टेड', 'ही टेक्स्ट मी यस्टरडे' हे लिहिण्यात चूकच.

तरीही चूक परत येत असेल

स्पेलचेकवर विसंबून राहिलात तर परत येणारच. 'ॲडव्हाइस' आणि 'ॲडव्हाइझ', 'लूस' आणि 'लूझ', दोन्ही शब्द शब्दकोशात आहेत, त्यामुळे लाल रेघ उमटत नाही. व्याकरण तपासणारी साधनं 'डिस्कस अबाउट' बहुधा पकडतात.

त्यापेक्षा आपल्याच पाठवलेल्या मेलमध्ये शोध घ्या. 'डिस्कस्ड अबाउट', 'रिक्वेस्ट फॉर', 'फॉरवर्ड टू', 'ॲन ॲडव्हाइस' हे शब्द शोधपेटीत टाका. आपल्या सवयीच्या चुका तीन-चारच निघतात, आणि त्या स्वतःच्याच वाक्यांत दिसल्या की जास्त लागतात. 'रिक्वेस्ट फॉर'चे निकाल मात्र एकेक करून बघा. त्यातली नामाची वाक्यं बरोबर असतील, क्रियापदाचीच सुधारायची आहेत.

सगळ्यात शेवटी उरतं 'अफेक्ट' आणि 'इफेक्ट'. नेहमीच्या वापरात 'अफेक्ट' क्रियापद आणि 'इफेक्ट' नाम, एवढ्यावर बहुतेक वाक्यं निभावतात. पण 'इफेक्ट' क्रियापदही आहे, घडवून आणणं या अर्थाचं: 'टू इफेक्ट अ चेंज'. आणि मानसशास्त्रात 'अफेक्ट' हे नाम आहे, भावनेच्या आविष्कारासाठी, तेही 'अ'वर आघात देऊन उच्चारलेलं. त्यामुळे कुणाचं लेखन तपासताना 'इफेक्ट' क्रियापदाच्या जागी दिसला म्हणून लगेच खोडू नका. 'द न्यू मॅनेजर इफेक्टेड सेव्हरल चेंजेस' हे वाक्य बरोबर आहे, आणि तिथे 'अफेक्टेड' केलंत तर मॅनेजरने बदल घडवले नाहीत, नुसता त्यांच्यावर परिणाम केला, असं होईल.